चाचणीला तिची वेळ द्यावी

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून तुम्हाला वाटलं असेल, की शाळेतल्या चाचणी परीक्षेबद्दल ही बाई काही सांगणार. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, तेव्हा तसं वाटलं तर नवल नाही. पण आज मला लिहायचं आहे ते रक्ताच्या चाचणीबद्दल, आणि तीही एच.आय.व्ही.च्या. नाव वाचल्याबरोबर पान उलटू नका हं! "आमच्या घरात कशाला येतोय हा विषय?" असं म्हणण्याआधी जरा आठवून पाहा. बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव घातलं, तेव्हा हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्याबरोबर ही तपासणीही बहुतेकींची झालेली आहे. रिपोर्ट फाईलला लागला, डॉक्टरीणबाई "सगळं छान आहे" म्हणाल्या आणि आपण घरी आलो. म्हणजे विषय आपल्या घरात येऊन गेलेला आहे. आपण त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, एवढंच.

आमच्या घरात तो दुसऱ्यांदा आला तो माझ्या धाकट्या जावेच्या निमित्तानं. तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. ती म्हणाली, "ताई, अवश्य लिहा. फक्त माझं नाव नको." म्हणून आपण तिला सुमन म्हणू.

आम्ही मिरजेचे. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव, तसंच दवाखान्यांचं गाव. सुमन इथल्याच एका रुग्णालयात नर्स आहे. भाऊजी पतसंस्थेत नोकरीला, मुलगा तेव्हा दुसरीत. सासूबाई, आम्ही दोघं, आमच्या दोन मुली आणि हे तिघं, असा आमचा एकत्र संसार. मी सकाळी शाळेत चार तास मराठी आणि इतिहास शिकवून येते आणि उरलेला दिवस घरचं पाहते.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. सुमनला रात्रपाळी होती. पहाटे तीनच्या सुमारास अपघाताचा एक रुग्ण आला. त्याचं रक्त काढताना त्यानं वेदनेनं हात झटकला, सुई निसटली आणि हातमोज्यातून सुमनच्या डाव्या बोटात गेली. तिनं लगेच नळाखाली साबणानं बोट धुतलं. बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही, हे त्यांना शिकवलेलंच असतं. मग मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्या रुग्णाचं रक्त तपासलं, तर एच.आय.व्ही. निघाला. त्या माणसाला स्वतःलाही तोवर ते ठाऊक नव्हतं.

सकाळी ती घरी आली ती चहालासुद्धा आत आली नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिली. मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "हजार जणींना अशी सुई टोचली, तर साधारण तिघींनाच लागण होते. मला पाठ आहे हे." मी म्हटलं, "बघ, मग नऊशे सत्त्याण्णव सुटतात की!" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि त्या तिघींतली मी असले तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत मला कळलं, की आकडा खरा असतो, पण घाबरलेल्या माणसाच्या पोटात तो उतरत नाही. त्याला उतरायला वेळ लागतो, आणि आधी चाचणी म्हणजे काय ते नीट समजावं लागतं. ते जसं मला समजलं तसं तुम्हाला सांगते. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. त्यामुळे मला समजलं ते कुणालाही समजेल!

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. असा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू व्हाव्या लागतात. या उपचाराला पी.ई.पी. म्हणतात. ७२ तास ही शेवटची मर्यादा झाली. जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या दोन तासांत मिळाल्या तर फारच उत्तम. गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. सुमनला पहिली गोळी पहाटे पाचच्या आत मिळाली. हे फक्त नर्सबाईंसाठीच आहे असं समजू नका. कुणावर अत्याचार झाला असेल, निरोध फाटला असेल, नवऱ्याच्या बाबतीत काही भलतंच कळलं असेल, तर "सोमवारी बघू", "आधी आईला विचारू" असं करत बसू नका. रात्र असली तरी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि स्पष्ट सांगा. लाजेपायी गेलेले तास परत मिळत नाहीत. ७२ तास उलटून गेले असतील तरीही जाच. गोळ्यांचा उपयोग नसला, तरी पुढच्या चाचण्यांची आखणी तिथेच होते.

त्याच पहाटे सुमनचंही रक्त तपासलं. निगेटिव्ह आलं. भाऊजींना हे कळल्याबरोबर ते म्हणाले, "निगेटिव्ह आलं ना? मग संपलं! गोळ्या कशाला खायच्या?" तुम्हालाही असंच वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट फक्त आदल्या दिवसांबद्दल बोलतो. आज टोचलेल्या सुईबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

का, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. दुधाला विरजण लावलं आणि अर्ध्या तासात झाकण काढून पाहिलं, तर काय दिसेल? दूधच. म्हणून विरजण लागलं नाही असं म्हणता येईल का? सहा-सात तासांनी पाहायचं ते अर्ध्या तासात पाहिलं, इतकंच. चाचणीचंही तसंच आहे. साध्या चाचण्या विषाणू शोधत नाहीत. विषाणू शिरल्यावर आपलं शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे डॉक्टर ज्यांना अँटीबॉडीज म्हणतात, त्या शोधतात. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. तेवढ्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. या काळात आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होता येत नाही.

हा काळ किती, ते चाचणीवर अवलंबून असतं. बोटाला टोचून किंवा थोडं रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत होणारी जी अँटीबॉडी चाचणी, तिला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी अँटीबॉडीबरोबर विषाणूचाच पी-२४ नावाचा एक अंशही शोधते. म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. थेट विषाणूचं जनुकद्रव्य शोधणारी एन.ए.टी. ही चाचणी १० ते ३३ दिवसांत सांगते, पण ती महाग असते आणि सर्रास केली जात नाही. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर हे दिवस आणखी लांबू शकतात. म्हणून तारखा डॉक्टरांनीच ठरवायच्या. सुमनला दिलेल्या कागदावर चार तारखा होत्या: पहिला दिवस, सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. मी त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेन्सिलीनं नुसत्या गोल करून ठेवल्या. शेजारी काही लिहिलं नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, गॅसचा नंबर लावला असेल.

तारखा लिहून झाल्या, पण मधले दिवस कसे काढायचे? गोळ्यांनी पहिला आठवडाभर तिला मळमळायचं, डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. गोळ्यांमुळे असं होऊ शकतं हे ती स्वतः रुग्णांना सांगत आलेली! पण स्वतःवर आलं तेव्हा प्रत्येक मळमळ तिला आजाराचीच वाटू लागली. दिवसातून चार-चारदा ताप मोजायची. आरशासमोर जीभ काढून पाहायची. काखेत, गळ्यात गाठी चाचपायची. रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन लक्षणं शोधायची. आणि शोधणाऱ्याला सापडतातच. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ असं होतं हे खरं. पण तसलाच ताप पावसाळ्यात मिरजेत घरटी एकाला येतो. लक्षणांवरून एच.आय.व्ही. आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते चाचणीनंच कळतं, आणि तेही वेळ झाल्यावर.

तिनं स्वतःचा पेला वेगळा ठेवला. विळीला हात लावीना. मुलाला जवळ घ्यायची ती अवघडून, चोरट्यासारखी. पेल्यातून, ताटातून, मिठीतून, एका संडासातून, डासातून, खोकल्यातून हा विषाणू पसरत नाही. हे तीच मला शिकवायची आणि स्वतः मात्र पेला वेगळा ठेवायची. त्या दिवसांत खरी पथ्यं दोनच होती. नवराबायकोनं निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. (काहीजण फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तपेढीत जाऊन रक्त देतात. तसं कधीही करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त दुसऱ्या कुणाला तरी चढतं.)

सासूबाईंच्या नजरेतून वेगळा पेला सुटला नाही. शेवटी सुमननं स्वतःच त्यांना सांगायचं ठरवलं. हे सांगायचं की नाही हा तिचा हक्क होता, म्हणून मी आधी तोंड उघडलं नव्हतं. सासूबाई घाबरल्याच. "पोराला काही दिवस माझ्याजवळ झोपू दे," एवढंच म्हणाल्या. सुमन काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी त्यांना अर्धा तास दिला. कशानं होतं, कशानं होत नाही, सगळं सांगितलं. परत येताना रिक्षात सासूबाई गप्प होत्या. रात्री मात्र त्यांनी नातवाची गादी स्वतः उचलून सुमनच्या खोलीत नेऊन घातली.

असं करता करता २८ दिवस झाले, गोळ्या संपल्या. आता दोन आठवडे धीर धरला की कागदावरची तारीख होती. पण सुमनला धीर निघेना. एका शनिवारी संध्याकाळी ती कुणाला न सांगता गावातल्या एका खासगी प्रयोगशाळेत गेली. काउंटरवरच्या मुलानं चार माणसांदेखत मोठ्यानं नाव घेऊन विचारलं, "एच.आय.व्ही.चा रिपोर्ट तुमचाच ना?" आणि लिफाफासुद्धा न घालता कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, रिअ‍ॅक्टिव्ह.

मैत्रिणींनो, ती शनिवारची रात्र आणि तो रविवार मी विसरणार नाही. मी तिच्या खोलीत झोपले. म्हणजे पडून राहिले. एकदा ती म्हणाली, "ताई, त्याला तुम्ही वाढवाल ना?" मी म्हटलं, "वाढवायचं तर दोघी मिळूनच वाढवू. सोमवार उजाडू दे आधी."

सोमवारी सकाळी नऊला आम्ही समुपदेशन केंद्रात हजर. आय.सी.टी.सी. म्हणतात त्याला. तिथे चाचणी मोफत होते. बाईंनी तो कागद पाहिला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे." आपल्याकडच्या नियमाप्रमाणे, लक्षणं नसलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुना तीन वेगवेगळ्या प्रकारच्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय त्याला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. मी विचारलं, "पहिलंच किट चांगलं असेल, तर तीन कशाला?" तेव्हा बाईंनी एक हिशेब घातला. मी तो तिथेच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. तुम्हीही करून पाहा.

भारतात मोठ्या माणसांत एच.आय.व्ही.चं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे दहा हजारांत वीस. आता समजा, एक किट इतकं चांगलं आहे, की ते या विसांपैकी एकालाही सोडत नाही, आणि निरोगी हजार माणसांत फक्त पाचजणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं. वाटतं ना उत्तम? पण निरोगी माणसं आहेत ९,९८०. हजारी पाच म्हणजे जवळजवळ पन्नास! म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आले एकूण सत्तर, त्यांत खरे वीस आणि पन्नास उगीचच धास्तावलेले. म्हणून दुसरं किट, म्हणून तिसरं किट. प्रत्येक गाळणीत खोटे गळत जातात आणि खरे तेवढे उरतात. याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. ज्या ९,९३० जणांना निगेटिव्ह आलं, त्यांचं उत्तर अगदी भरवशाचं, मात्र विंडो पिरियड उलटलेला हवा. गरोदरपणात एखादीला पहिल्या किटवर असं खोटं रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकतं, हेही बाईंनी सांगितलं. तेव्हा तुमच्या लेकी-सुनांच्या बाबतीत असं काही झालं, तर पुढच्या चाचण्या होईपर्यंत घरात कुणी कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये.

सुमनचं रक्त केंद्राच्या किटवर तपासलं. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आलं. पण बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. "दिवस अजून भरलेले नाहीत. कागदावरच्या तारखा चुकवायच्या नाहीत," असं बजावलं. उगाच गोड बोलून घरी धाडलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

आणि हो, त्या काउंटरवरच्या मुलाबद्दल. एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाची संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि त्याची माहिती दुसऱ्याला उघड करता येत नाही, असं त्यात आहे. नोकरीत, शाळेत, उपचारांत भेदभाव करायलाही मनाई आहे. मी त्या प्रयोगशाळेच्या मालकांना भेटून हे शांतपणे सांगून आले. आता तिथे रिपोर्ट बंद लिफाफ्यात मिळतात.

मधल्या काळातल्या भीतीचं काय करायचं, हे आम्ही त्या केंद्रातच शिकलो. चार गोष्टी उपयोगी पडल्या, त्या सांगते.

एक, प्रश्नांची वही. मनात येईल तो प्रश्न वहीत लिहायचा आणि आठवड्यातून एकदाच बाईंना विचारायचा. लिहिल्यावर कळतं, की रोजचे वीस प्रश्न म्हणजे तेच तीन प्रश्न कपडे बदलून आलेले असतात.

दोन, काळजीची वेळ ठरवायची. संध्याकाळच्या चहानंतर पंधरा मिनिटं. तेव्हा पोटभर काळजी करायची, रडायचं असेल तर रडायचं. इतर वेळी मनात आलं तर "संध्याकाळी" म्हणून पुढे ढकलायचं. ऐकायला हसू येतं, पण जमतं. पहिले काही दिवस मी तिच्याजवळ बसायचे. शेंगा सोलायला घ्यायचे, म्हणजे दोघींच्या हाताला काम.

तीन, मोबाईलवर शोधणं बंद. रात्री नऊला तिचा मोबाईल माझ्या कपाटात जायचा.

चार, तपासण्या मोजक्या. थर्मामीटर मी लपवून ठेवला. गाठी चाचपायच्या नाहीत, जीभ पाहायची नाही. खासगी प्रयोगशाळेत मधेच जायचं नाही. जादा चाचणीनं एक रात्र झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होऊन येते, हे आम्ही अनुभवलं होतंच.

सहा आठवड्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिन्यांचा निगेटिव्ह. सहा महिन्यांचाही निगेटिव्ह. त्या दिवशी मी शिरा केला. झालं, संपलं, असं मला वाटलं. पण आठवड्याभरात सुमन म्हणाली, "ताई, एकदा शेवटची करून येऊ का? नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर?"

केंद्रातल्या बाईंनी या वेळी चाचणी केली नाही. त्या म्हणाल्या, "सुमनताई, तुमच्या रक्ताचा प्रश्न सुटला आहे. आता उरली आहे ती भीती, आणि तिच्यासाठी डॉक्टर वेगळे आहेत." आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. भाऊजी जरा नाराज झाले, "लोक काय म्हणतील" वगैरे. पण सुमन गेली. काही महिने औषध घेतलं, बोलणं झालं. हळूहळू झोप लागू लागली. ती पुन्हा विळीवर बसली, तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. नुसती मेथीची जुडी पुढे सरकवली.

म्हणून सांगते, विंडो पिरियड उलटून ठरलेल्या तारखांना निगेटिव्ह आलं, तर पुढच्या चाचण्या थांबवा. तरीही शंका जात नसेल, तीन-तीन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते रक्ताचं दुखणं राहिलेलं नाही. त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. एच.आय.व्ही.बद्दलच्या शंकांसाठी १०९७. दोन्ही क्रमांक फोनपाशी लिहून ठेवा. आपल्याला लागले नाहीत, तरी शेजारणीला लागतील.

आपली भीती जुनी आहे, आणि तिला कारणही होतं. हा विषाणू सापडला १९८३ साली, रक्ताची चाचणी आली १९८५ साली. भारतात पहिल्यांदा तो सापडला १९८६ मध्ये मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला, या दोघी बायकांनीच ते काम केलं. तेव्हा औषध नव्हतं. चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे माणूस गेला, असंच तेव्हा सगळे समजत. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून तर निदान झालेल्या प्रत्येकाला ती दिली जातात. रोज गोळी घेणारा माणूस कामधंदा करतो, म्हातारा होतो. औषधानं विषाणू इतका दबला, की रक्ताच्या तपासणीतही दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. आया औषध घेऊन निरोगी बाळांना जन्म देतात. औषधं बदलली, काळ बदलला. आपण मात्र घाबरताना अजून त्या जुन्या सालातच घाबरतो.

एक गोष्ट राहिली. आम्ही सगळे सुमनच्या रिपोर्टची वाट पाहत होतो, तेव्हा एकदा तीच म्हणाली, "ताई, त्या माणसाचं कुणी विचारलंच नाही." ज्याच्या रक्ताची आम्हाला इतकी धास्ती वाटली, त्यालाही त्याच पहाटे कळलं होतं. तेही हाड मोडलेलं असताना, अनोळखी खाटेवर. त्याच्या घरी कालनिर्णयावर कुणी तारखा केल्या असतील का, ठाऊक नाही. सुमननं तो बरा होऊन घरी जाण्याआधी त्याला भेटून एवढंच सांगितलं होतं, की गोळ्या सुरू करा आणि एकही दिवस चुकवू नका. "निगेटिव्ह" म्हणून सुटकेचा श्वास टाकताना ज्यांना "पॉझिटिव्ह" आलं, ते आपल्यापासून दूर ढकलण्याजोगे होत नाहीत, हे तिनं मला न शिकवता शिकवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या कुणी बहीण, जाऊ, शेजारीण तुमच्या मागच्या पायरीवर येऊन बसली, तर आधी विचारा, "किती तास झाले?" ७२ च्या आत असेल तर चहासुद्धा नंतर. चपला घाला आणि तिच्याबरोबर निघा. तास उलटले असतील तर तारखा लिहून घ्या आणि त्या तारखांना तिच्यासोबत जा. कशानं झालं, कुणामुळे झालं, हे विचारू नका. सांगायचं असेल तर ती सांगेल. आणि मधल्या दिवसांत तिच्या पेल्यातला चहा घोटभर तुम्हीही घ्या.